अनुभव धागा: ‘अबाइड विथ मी’ तुमच्या आयुष्यात कुठे भेटलं?

मंडळी, मागच्या महिन्यात आम्ही आजीला निरोप दिला. दफनभूमीत पाळकांची प्रार्थना संपली, माती लोटायची वेळ झाली, आणि कोणी काही सांगायच्या आत मामांनी ‘अबाइड विथ मी’ (‘माझ्यापाशी राहा’) हे ख्रिस्ती प्रार्थनागीत सुरू केलं. आमची सगळी उपासना मराठीत असते. हे एकच गीत आजीला इंग्रजीत हवं असायचं, मिशनच्या शाळेत पाठ झालेलं म्हणून. गाणं संपल्यावर शेजारचे काका हळूच म्हणाले, “ही चाल मला ठाऊक आहे गं. दिल्लीत फौजेचा बँड वाजवायचा तीच ना?” काकांचं घर वारकऱ्यांचं. चर्चमध्ये त्यांचं पाऊल त्या दिवशी पहिल्यांदा पडलं असेल. त्यांच्या त्या प्रश्नामुळे हा धागा काढते आहे.

आधी थोडं गीताबद्दल. कवी हेन्री फ्रान्सिस लाइट, जन्म १७९३, स्कॉटलंडमधलं एडनम गाव. वडील कुटुंब सोडून गेले, आई लवकर वारली, आणि आयर्लंडमधल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी या मुलाला स्वतःच्या घरात वाढवलं. पुढे पाळक होऊन ते १८२४ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रिक्सम या मच्छीमारांच्या गावी आले आणि शेवटपर्यंत तिथलेच झाले. छातीचं दुखणं जुनं, क्षयाचं. १८४७ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, अंगात त्राण नसताना, त्यांनी आपल्या लोकांपुढे शेवटचा उपदेश केला. त्याच संध्याकाळी हे गीत कागदावर उतरवून त्यांनी घरच्यांच्या हाती दिलं, अशी हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. काही अभ्यासकांच्या मते गीत त्याआधीच लिहून झालं होतं. आणखी काही जण थेट १८२० पर्यंत मागे जातात: आयर्लंडमध्ये लाइट एका मरणासन्न मित्राच्या उशाशी बसले होते आणि तो ‘माझ्यापाशी राहा’ एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होता. मला यात भांडण दिसत नाही. मित्राच्या तोंडून ऐकलेलं वाक्य माणूस वर्षानुवर्षं जपून ठेवतो आणि स्वतःची वेळ आली की ते त्याच्याही तोंडी येतं.

हवापालटासाठी ते दक्षिणेकडे निघाले आणि २० नोव्हेंबरला आजच्या फ्रान्समधल्या नीस शहरात वारले. वय ५४. त्यांची कबर तिथेच आहे.

गीताचं बीज बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. येशूला क्रुसावर दिल्यानंतर दोन शिष्य अम्माऊस गावाकडे चालले आहेत. वाटेत एक अनोळखी सोबती भेटतो. गाव येतं, तो पुढे जायला निघतो, तर हे दोघे त्याला अडवतात: संध्याकाळ झाली, दिवस कलला, आता आमच्याकडेच राहा. लाइटनी ‘आमच्या’च्या जागी ‘माझ्या’ केलं. आजीच्या कबरीपाशी उभी असताना हा एका शब्दाचा फरक मला पहिल्यांदा कळला.

तुमच्याकडे या गीताचं काय असेल ते लिहा. ख्रिस्ती असण्याची अट नाही.

* * *

सातारा जिल्हा, फौजेच्या बँडमधून निवृत्त

ताई, तुमच्या काकांनी बरोबर ओळखलं. मी युफोनियम हे पितळी फुंकवाद्य वाजवायचो. पचमढीला लष्करी संगीताचं शिक्षण झालं आणि पुढे दोनदा बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याच्या सांगतेला, उभं राहायचं भाग्य मिळालं. २९ जानेवारी, विजय चौक, सूर्य मावळतीला. दिवसभर मार्चच्या धून वाजवून ओठ सुजलेले. दिल्लीच्या थंडीत पितळ असं गारठतं की तोंड लावताना चटका बसतो. जोरकस मार्च वाजवणं त्या मानाने सोपं. ‘अबाइड विथ मी’ला दम पुरवून पुरवून, अगदी हळू वाजवावं लागतं आणि एवढ्या मोठ्या ताफ्यात एकाचाही सूर हलला तरी ऐकू येतो. बँडमास्तर सांगायचे, “फुंकायचं नाही, श्वास सोडायचा.” आमचं संपत आलं की दुरून घंटा वाजायच्या. नळ्यांच्या घंटा असतात त्या, वेगळ्या जागी ठेवलेल्या. त्यांचा आवाज रायसीना टेकडीवरून उतरून यायचा. मग बिगुल, आणि बिगुलाबरोबर झेंडे खाली.

गांधीजींचं हे आवडतं गीत. दुसरा दिवस ३० जानेवारीचा, त्यांच्या हत्येचा. आदल्या संध्याकाळी त्यांच्या आवडीची प्रार्थना वाजवतोय, हे आम्हां बँडवाल्यांच्या मनात असायचंच.

२०२२ साली ते कार्यक्रमातून काढलं आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. मी टीव्हीसमोर बसून होतो. या गाण्याला नाव ठेवायला माझी जीभ वळणार नाही. चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या माणसाची, आवाज लताबाईंचा, आणि आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, त्या स्वतःच गेल्या. त्या गाण्यालाही मी रडतो. पण दोन्हींना जागा होती असं मला वाटतं. त्या संध्याकाळी घंटांची वेळ झाली तेव्हा मी सवयीने कान टवकारले होते.

* * *

वर्धा

आजोबा खादीचं काम करायचे, सेवाग्रामला येणं-जाणं असायचं. इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या भजनांच्या वहीत ‘वैष्णव जन’नंतरच्या पानावर हे गीत देवनागरीत लिहिलेलं आहे, ऐकलं तसं, म्हणून काही शब्द चुकलेले. समासात अर्थ लिहून घेतला आहे: “मदतनीस पांगले, सुख पळाले, तेव्हा निराधारांच्या आधारा, तू राहा.” वही माझ्याकडे आहे. चुका मी दुरुस्त केलेल्या नाहीत.

* * *

मिरज, परिचारिका

नर्सिंगला असताना आमच्या सिस्टर ट्यूटरनी इडिथ कॅव्हेलची गोष्ट सांगितली होती. पहिल्या महायुद्धात ब्रुसेल्समध्ये काम करणारी इंग्लिश परिचारिका. तिने दोनशेच्या आसपास सैनिकांना जर्मन ताब्यातल्या बेल्जियममधून निसटायला मदत केली. पकडली गेली आणि १२ ऑक्टोबर १९१५ ला पहाटे गोळ्या घातल्या. आदल्या रात्री एक पाळक तिला कोठडीत भेटायला गेले. तिने प्रभुभोजन घेतलं आणि मग दोघांनी मिळून या गीताचे शब्द म्हटले. तेव्हा माझं वय वीस. ऐकलं, परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं.

अर्थ कळायला बारा वर्षं आणि एक रात्रपाळी लागली. वॉर्डात एक निवृत्त शिक्षक होते, कॅन्सर हाडांत उतरलेला. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचणार होता. रात्री दोनच्या सुमाराला त्यांनी विचारलं, “सिस्टर, दहा मिनिटं बसाल का?” औषध नको, पाणी नको. बसा. मी स्टूल ओढून बसले. काय बोलावं सुचेना म्हणून हीच चाल गुणगुणले. ते गृहस्थ हिंदू, त्यांना गीत माहीत असायचं कारण नव्हतं. हात मात्र धरून ठेवला. दहाची चाळीस मिनिटं झाली, बाकीचे बेड सोबतच्या मुलीने सांभाळले. साडेपाचला ते गेले. मुलगा सातला आला. “रात्री बाबांजवळ कोण होतं?” हा त्याचा पहिला प्रश्न. मी होते, हे सांगता आलं.

* * *

हर्णै, सध्या इंग्लंडमध्ये

आमचं गाव बंदराचं, त्यामुळे ब्रिक्समला गेल्यावर मासळीचा वास येताच घरी आल्यासारखं झालं. तिथल्या ऑल सेंट्स चर्चच्या घंटांमधून याच गीताची चाल वाजते. मी धक्क्यावर उभा होतो, पाणी उतरत होतं, होड्या चिखलात कलंडायला लागल्या होत्या. दुसऱ्या कडव्यात आयुष्याचा छोटासा दिवस ‘एब्ज आउट’ होतो असं म्हटलंय. शाळेत आम्हाला याचा अर्थ ‘संपतो’ असा सांगितला होता. नाही हो, ती ओहोटी आहे! लाइटनी रोज पाहिलेली. ज्यांच्यासमोर ते उपदेश करायचे त्यांचं पोट भरती-ओहोटीवर चालायचं. माझ्या वडिलांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता.

* * *

लंडन

फुटबॉलवाल्यांसाठी: इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी हे १९२७ पासून गायलं जातं. वेम्बलीच्या मैदानावर एकदा मीही होतो. दोन्ही बाजूंचे लोक, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, टोप्या काढून गात होते. शेजारच्या आजोबांनी मला शब्दांचा कागद दाखवला.

* * *

पुणे, कथक शिकवते

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन मी रात्र जागून पाहिलं, नर्तक अक्रम खानसाठी. त्यांचा पाया कथकचा, कुटुंब मूळचं बांगलादेशचं. एमिली सांडे एकटी, जवळजवळ साथीशिवाय हे गीत गात होती आणि नर्तक मातीच्या रंगाच्या धुळीत पडत होते, उठत होते. शेवटाकडे एक लहान मुलगा. मला तेव्हा गीताचं नावही माहीत नव्हतं. लय इतकी संथ की दोन मात्रांमधल्या जागेत अख्खा माणूस मावतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तत्कार (पायांचे बोल) न घेता मुलींना फक्त चालायला लावलं, या लयीत. दोघी-तिघी मध्येच थांबल्या. सासू नुकतीच गेलेली एक विद्यार्थिनी भिंतीला टेकून बसली आणि कोणीच तिला उठवलं नाही.

* * *

सोलापूर

नमस्कार. धागा आज दुपारी वाचला. उद्या सकाळी वडिलांचा दफनविधी आहे. त्यांना हे गीत आवडायचं, पण आमच्या चर्चमध्ये ऑर्गन नाही. पेटी आहे, माझा भाऊ भजनं वाजवतो, त्याला इंग्रजी नोटेशन वाचता येत नाही. कोणी मदत कराल का? आठही कडवी म्हणायची का?

* * *

नगर, चर्चमध्ये पेटी वाजवतो

ताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मदत आत्ताच करतो.

ही चाल विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ ची, नाव ‘इव्हनटाइड’. मोठ्या दुःखाच्या दिवसांत सूर्यास्त पाहताना ती सुचली, असं त्यांच्या पत्नीने सांगून ठेवलंय. भावाला म्हणावं, काळी दोन सा धरा. मूळ पट्टी तीच आहे. पहिली ओळ: ग ग रे सा प, ध प प म ग. पहिला ग लांब. दुसरी ओळ: ग म प ध प म रे ग म प. यातला शेवटचा म तीव्र, बाकी सगळे शुद्ध. तो तीव्र मध्यम चुकवू नका, त्या ओळीत काळोख दाटतोय असे शब्द आहेत आणि चाल मात्र वर चढते. तिसरी ओळ पहिलीसारखीच सुरू होते, पण पुढे वेगळी जाते. ती आणि चौथी मी पेटीवर वाजवून आवाज पाठवतो, ऐकून बसेल.

आठ कडवी नका घेऊ, बहुतेक गीतपुस्तकांत पाचच असतात. उद्या उन्हात उभे असाल, तर पहिलं आणि शेवटचं पुरे. घाई करू नका. भावाचा हात थांबला तरी तुम्ही गात राहा, लोक सूर धरतात. किती वाजता आहे? मी सकाळच्या गाडीने निघालो तर पोचेन का, ते कळवा.