भाडेकरू मिळतात, पण कोणाच्या भरवशावर?

औद्योगिक उपनगरात भाडेकरू चटकन मिळतात, म्हणून तेथील घर ही सुरक्षित गुंतवणूक आहे, असे मत अनेकदा मांडले जाते. भाडेकरू मिळतात हे खरे. मात्र ते किती निरनिराळ्या उद्योगांच्या भरवशावर मिळतात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोटारउद्योगावर वाढलेल्या अमेरिकेतील डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाखांच्या आसपास होती, ती २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आली. त्यामागे इतर कारणेही होती, तरीही एकाच उद्योगावर विसंबण्याचा धोका त्यातून स्पष्ट दिसतो. शिवाय घर वर्षातून दोन महिने रिकामे राहिले, तरी भाड्याचा सहावा हिस्सा बुडतो आणि देखभाल व कर तर चुकत नाहीतच.

स्वतः राहण्यासाठी अशा उपनगरात घर घेणाऱ्यांनी ते केवळ दिवसा पाहून व्यवहार करू नये. रात्रपाळी सुरू असताना आणि वाऱ्याची दिशा बदललेली असताना तेथे थांबावे, खिडकीच्या कठड्यावर धूळ बसते का ते बोट फिरवून पाहावे, अवजड वाहने कोणत्या रस्त्याने जातात ते शेजाऱ्यांना विचारावे.

बंद कारखान्याच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या गृहप्रकल्पांबाबत विशेष काळजी हवी, कारण शिसे, क्रोमियम किंवा औद्योगिक द्रावके (इतर पदार्थ विरघळवणारी रसायने) मातीत आणि भूजलात अनेक वर्षे टिकू शकतात. म्हणून मातीच्या तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.