मदत हवी आहे: हूडवरचा स्कूप आणि पट्टे काढायचे आहेत (तातडीचे)

मुक्काम_मिशिगन
माझ्या जुन्या गाडीच्या हूडवरचा (इंजिनच्या झाकणावरचा) स्कूप, म्हणजे हवा घेण्यासाठीचा उंचवटा, काढायचाय आणि हूडवरचे-डिकीवरचे दोन पांढरे पट्टेसुद्धा. कंपनीचे नाहीत, आधीच्या मालकाने कधीतरी बसवलेत. पट्टा कोपऱ्यातून नखाने उचलला तर टिकलीएवढे तुकडे पडतात. हेअर ड्रायरने निघेल का? स्कूपखाली भोक असेल तर काय करायचं? वुडवर्डला (डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला) तीन आठवडे उरलेत. प्लीज लवकर सांगा.

पत्रेवाला
गाडी कोणती, साल कोणतं, इंजिन कोणतं? स्कूप पत्र्याचा की फायबरचा? लोहचुंबक फिरवून बघा. हूड उघडून खालून काय दिसतं तेही लिहा. एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

व्ही८_वेडा
ड्रायर कशाला, ड्रिलला रबरी चाक लावा. माझ्या फोर्ड मस्टँगचे पट्टे एका दुपारी साफ झाले.

पत्रेवाला
@व्ही८_वेडा, असं सरसकट सांगू नका. जनरल मोटर्सची १९७० च्या आसपासची गाडी असेल आणि रंग मूळचा असेल तर तो अ‍ॅक्रिलिक लॅकर. चाक एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की रंग जळतो. फोर्डचा इनॅमल वेगळा.

मुक्काम_मिशिगन
सॉरी, घाईत राहिलं. १९७० शेवेल मालिबू (जनरल मोटर्सचीच), ३०७ घनइंची इंजिन, निळी. चुंबक स्कूपला चिकटत नाही, म्हणजे फायबर. स्कूपच्या कडेने चार बोटं रुंद भागातही चिकटत नाही.

पत्रेवाला
म्हणजे तिथे लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरली आहे. आणि चांगली जाड.

लॅन्सिंगकर
मालिबू असेल तर सरळ काउल इंडक्शनचं (विंडशील्डकडून इंजिनला हवा देणारं) हूड घ्या! विंडशील्डच्या तळाशी हवेचा दाब जास्त असतो, म्हणून त्याचं तोंड मागे. जोरात पाय दिला की इंजिनचा व्हॅक्यूम कमी होतो आणि मागची झडप उघडते. पुढे तोंड असलेल्या बुटक्या स्कूपपेक्षा हजारपट चांगलं. पट्टेही शोभतील मग.

सोनचाफा
ते एसएसचं (सुपर स्पोर्ट, शेवेलचा जोरदार प्रकार). ३०७ ला टू-बॅरल, म्हणजे साधा दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर, त्याला कसलं इंडक्शन? धागाकर्तीला स्कूप नकोय, तुम्ही दुसरा देताय.

लॅन्सिंगकर
दिसायला तरी? निम्म्या गाड्या तशाच असतात.

मुक्काम_मिशिगन
तेच तर नकोय मला. पेट्रोल पंपावरसुद्धा लोक येऊन विचारतात, एसएस का? दर वेळी नाही म्हणावं लागतं, आणि त्यांचा चेहरा पडतो. ही साधी मालिबू आहे आणि मला साधी मालिबूच आवडते. तिच्या अंगावर खोटी पाटी नको.

व्ही८_वेडा
एसएस नाही हे नक्की का? व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) बघितलात?

पत्रेवाला
१९७० ला व्हीआयएनवरून कळत नाही. १३६३७ म्हणजे व्ही-८ मालिबू स्पोर्ट कूप, एसएस हा तिच्यावरचा ऑप्शन. बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी) मिळाली तरच खरं, ती कधी पेट्रोलच्या टाकीवर सापडते, कधी सीटच्या स्प्रिंगांत. पण त्या वर्षी एसएसला ३९६ किंवा ४५४ चं मोठं इंजिन असायचं. यांचं ३०७ मूळचं असेल तर विषय संपला.

दादरकर
आमच्या बाबांच्या पद्मिनीच्या बॉनेटवर ८० च्या दशकात दोन लाल पट्टे होते, रेडियमचे. सगळी गल्ली बघायला यायची. हूड काय म्हणता, बॉनेट म्हणा की!

जुनं_ते_सोनं
माझं मत वेगळं. काढूच नका. ७० च्या दशकात एखाद्या पोराने पगारातून पैसे साठवून स्पीड शॉपमधून (वेगवान गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून) तो स्कूप आणला असेल. तोही या गाडीचा इतिहासच. कारखान्यासारख्या चकचकीत गाड्या वुडवर्डला शेकड्यांनी दिसतात, त्या काळचं हातकाम दिसत नाही.

सोनचाफा
इतिहास मान्य, पण लांबीखाली गंज चालू असेल तर?

मुक्काम_मिशिगन
काल रात्री खालून टॉर्च मारून बघितलं. चार रिव्हेट, मध्ये तळहाताएवढं भोक, आणि आतली आडवी पट्टी कापून टाकलेली. भोकाच्या कडेला गंज आहेच.

पत्रेवाला
मग तीन आठवड्यांत हे हूड वाचवायच्या फंदात पडू नका. एवढ्या मोठ्या सपाट पत्र्यावर वेल्डिंग केलं की तो ताणतो, लाटा पडतात, मग पुन्हा लांबी. शिवाय आतली पट्टी कापल्याने ताकद गेलीय. सपाट हूड नवीन बनवलेलं मिळतं, ते लावा. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर रंगाचा कोड असेल, तो पेंटरला द्या. जुनं हूड स्कूपसकट गॅरेजमध्ये उभं करून ठेवा.

जुनं_ते_सोनं
हे पटलं. फक्त फेकू नका.

मुक्काम_मिशिगन
नाही फेकणार. आणि डिकीवरचे पट्टे?

पत्रेवाला
ड्रायरच. हात ठेवता येईल इतपतच कोमट करा, वर न ओढता जवळजवळ आडवं मागे ओढा. प्लास्टिकचं पातं वापरा, लोखंडी नाही. गोंद काढायचं द्रावण आधी डिकीच्या आतल्या कडेवर लावून बघा, लॅकर मऊ पडतो.

मुक्काम_मिशिगन
एक पट्टा निघाला! दोन तास लागले. पण खाली निळा जास्त गडद आहे, पट्ट्याचा आकार तसाच दिसतोय. पॉलिशने जाईल?

पत्रेवाला
आजूबाजूचा रंग उन्हाने उडालाय, खालचा झाकलेला राहिला. हाताने हलकं पॉलिश करा, फरक कमी होईल, पूर्ण जाणार नाही. मशीन लावू नका, कडांवर रंग पातळ असतो. आणि नवीन हूडचा निळा जुळवताना पेंटरला तो गडद भाग दाखवा, १९७० चा निळा तिथेच शिल्लक आहे.