२०१२ ची स्विफ्ट डिझेल काढून काय घ्यावं? बजेट १२ लाख ऑन रोड

सिंहगडरोडवाला:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१२ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे. इंजिनाबद्दल तक्रार शून्य, तेच ते फियाटवालं १२४८ सीसीचं मल्टिजेट, हायवेला अजून वीसच्या आसपास देतं, पण बाकीची गाडी थकलीये. लोअर आर्मचे बुश परत गेलेत, खड्ड्यातून गेलं की स्टिअरिंगमधून खट् खट् येतं, क्लच तर इतका जड झालाय की बायकोने चालवायची सोडून दिली. क्लच आणि सस्पेन्शन सगळं मिळून मेकॅनिकने पस्तीस-चाळीस हजार सांगितलेत. २०२७ ला पंधरा वर्षं पुरी होतायत, म्हणजे पासिंग परत करायचं, ग्रीन टॅक्स भरायचा, मग म्हटलं एवढं करण्यापेक्षा नवीनच बघू.

वापर असा. आठवड्यातून दोन दिवस हिंजवडी, एरवी बायको क्लास, भाजी, मुलाचं सोडणं-आणणं, आणि गणपती, शिमगा, मे महिना अशा गावच्या फेऱ्या (चिपळूणच्या पुढे). वर्षाला दहा हजार किमी होत असतील, जास्त नाही. घरी चौघं, आई त्र्याहत्तर वर्षांची आणि दोन्ही गुडघे गेलेले. येताना डिकीत तांदळाचं पोतं, नारळ, फणस हे ठरलेलं.

डोक्यात आहेत डिझायर, पंच सीएनजी, किंवा सरळ सॉनेट डिझेल. मला स्वतःला डिझेल सोडवत नाहीये, घाटात सवय झालीये त्या ओढीची. इलेक्ट्रिकचं मुलाने डोकं खाल्लंय पण आमच्या सोसायटीत पार्किंगला चार्जिंग पॉइंट घ्यायचा विषय काढला की मीटिंग तासभर लांबते. कोणी वापरणाऱ्यांनी सांगा, यूट्यूबवाले रिव्ह्यू बघून झालेत सगळे.

दुसरा_गिअर:

डिझेलच घ्या, डोळे झाकून. मारुतीने एप्रिल २०२० ला बीएस६ (धुराचे कडक नियम) आल्यावर डिझेल बंद केलं म्हणून लोकांना वाटतं डिझेल संपलं, पण चार मीटरच्या आत सॉनेट, व्हेन्यू, नेक्सॉन, थ्रीएक्सओ सगळ्यांचं दीड लिटरचं डिझेल मिळतंय. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला त्यात चार मीटर आणि १५०० सीसीच्या आतलं डिझेल ३१ वरून थेट १८ टक्क्यावर आलं, पेट्रोल छोटी गाडी २९ वरून १८. म्हणजे डिझेलवाल्यांना जास्त सूट मिळाली की. कुंभार्ली घाट चढताना मागे तीन माणसं आणि डिकी फुल असताना तीन सिलेंडरचं पेट्रोल इंजिन कसं कण्हतं ते एकदा बघा, एसी बंद करावासा वाटतो.

चकली_८४:

@दुसरा_गिअर घाट वर्षातून किती वेळा आणि सिंहगड रोडचा सिग्नल किती वेळा ते पण धरा ना. माझ्या मिस्टरांनी बीएस६ डिझेल घेतली (कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचा प्रकार थोड्याफार फरकाने तोच आहे) आणि माझं चालवणं म्हणजे शाळा-बँक-घर, तीन-चार किमीच्या वर नाही. पहिल्याच पावसाळ्यात डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा. सायलेन्सरमधल्या त्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जळायला गाडी एका लयीत, चांगल्या वेगात, पंधरा-वीस मिनिटं तरी पळावी लागते. मग काय, रविवारी सकाळी चहा प्यायला म्हणून खेड शिवापूरच्या पुढेपर्यंत जाऊन यायचं, कारण गाडीला पळवायचंय! तुमच्या स्विफ्टला ही भानगड नव्हती, म्हणून तुमचं जुनं डिझेल लाडकं आहे. नवीन डिझेल हे वेगळं प्रकरण आहे, शहरात घरातल्या बाईने चालवायची गाडी असेल तर विचार करा.

सिंहगडरोडवाला:

बापरे, डीपीएफचं मी फक्त ऐकून होतो, शोरूममध्ये विचारलं तर तो पोरगा म्हणाला "सर तसं काही होत नाही".

हिशोबी_पेन्शनर:

साहेब, भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो, आयुष्यभर तेच केलंय. वर्षाला १०,००० किमी. पेट्रोल १०४, डिझेल ९१, सीएनजी ९२ असा भाव धरतो, चार-दोन रुपये इकडे तिकडे. मिश्र वापरात पेट्रोल १५ देईल, डिझेल १९, सीएनजी किलोला २४. पेट्रोलला वर्षाचे ६९ हजार, डिझेलला ४८, सीएनजीला ३८. म्हणजे डिझेल वर्षाला एकवीस हजार वाचवणार, आणि त्याच मॉडेलचं डिझेल पेट्रोलपेक्षा लाख-सव्वा लाखाने महाग, वर आपल्या महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आणि डिझेलला १३. वसूल व्हायला सहा वर्षं. सीएनजीचे जास्तीचे नव्वद-पंचाण्णव हजार तीन वर्षांत सुटतात. तुमचं रनिंग वीस हजार असतं तर मीच डिझेल घ्या म्हणालो असतो.

आणि कंपनीचे मायलेजचे आकडे धरून गणित करू नका. डिझायर सीएनजीचा कागदावरचा आकडा ३३.७३ आहे, शहरात तो कोणालाही दिसत नाही. शिवाय आता सगळीकडे ई२० पेट्रोल (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं), त्याने अ‍ॅव्हरेज थोडं पडतंच, सरकार स्वतःच एक-दोन टक्के ते जुन्या गाड्यांना तीन-सहा टक्के असं म्हणतंय, लोक त्याहून जास्त सांगतात. नवीन गाडी ई२० साठीच बनलेली असते त्यामुळे रबर-पाइपची काळजी नाही. पण कोणी सेकंडहँड पेट्रोल सुचवली तर एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघून घ्या.

रंकाळा:

पेन्शनर काका हिशोब एक नंबर, पण सीएनजी घेतली की तांदळाचं पोतं कुठं ठेवायचं ते बी सांगा की. डिझायर सीएनजीत डिकीत आडवा सिलेंडर बसतोय, मागं उरती ती जागा बॅगेपुरती. पंचमध्ये दोन बारके सिलेंडर खाली घातल्यात म्हणून डिकी २१० लिटर तरी राहती (पेट्रोल पंचला ३६६ हाय). एक्स्टरला पण दोन सिलेंडरवालं मिळतंय. फणस बसंल, पोतं बसंल, दोन्ही एकदम बसायचं नाही, एक पोराच्या मांडीवर द्या.

सीएनजी घाटात कशी जाती विचारत असाल तर मी गगनबावड्यातनं नेहमी जातो, सरळ बटण दाबून पेट्रोलवर टाकायची, वर पोचली की परत गॅसवर. सीएनजीवर पंच ७३ पीएसच्या आसपास आणि पेट्रोलवर ८८, फरक पायाला कळतो. पन गणपतीत कोकणातल्या पंपाची लाईन बघितली की गॅस भरायचा नादच सोडावा लागतो, तवा पेट्रोलवर जावा-या. टाकीत कायम अर्धं पेट्रोल ठेवायचं. आणि दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) असती, लोक विसरत्यात, मग पंपावाला टेस्टच्या तारखेची प्लेट बघून गॅस द्यायला नको म्हणतोय.

संत्रानगरी:

मी तर म्हणतो इलेक्ट्रिक पाहाच भाऊ. मी नागपुरात दोन वर्षं झाले वापरून राह्यलो, घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री लावतो, सकाळी फुल. एका युनिटमध्ये सहा-सात किमी आरामात जाते, आता लावा हिशोब. जीएसटी पाच टक्के. पण माझं स्वतःचं घर आहे, पार्किंग माझी, हे आधी सांगतो. सोसायटीत पॉइंट नसेल तर रोज बाहेर चार्ज करून परवडत नाही अन् डोकेदुखी वेगळी. समृद्धीवर एकशेवीसने पळवली की रेंज डोळ्यादेखत उतरते, शोरूममध्ये सांगितलेला आकडा विसरूनच निघायचं. उन्हाळ्यात इकडे ४५ डिग्रीत एसी पण खातो.

दुसरा_गिअर:

इलेक्ट्रिकने गणपतीत चिपळूणला? चार्जरवर सहा गाड्या उभ्या असतात, आरती तिथेच करावी लागेल.

संत्रानगरी:

हाव, ते खरं आहे 😀 सणासुदीला लांब जाणाऱ्यासाठी एकुलती एक गाडी म्हणून मी पण नाही सांगत. घाट उतरताना मात्र बॅटरीचा टक्का उलटा वाढतो ते पाहायला मजा येते.

चकली_८४:

मायलेज-टॉर्क सगळं झालं, आईंचं कोणी बोललंच नाही! त्र्याहत्तर वर्षं आणि गुडघे, तर गाडी आधी त्यांच्या हिशोबाने निवडा. डिझायर कितीही छान असली (ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे पाच स्टार पण आहेत नवीनला) तरी सेडान खाली असते, आत शिरताना कंबरेत वाकायचं आणि उतरताना गुडघ्यावर सगळा भार घेऊन उठायचं. आमच्या सासूबाई उतरताना दाराचं हँडल, माझा हात आणि देवाचं नाव तिन्ही धरायच्या. उंच गाडीत नुसतं मागे सरकून बसता येतं. पंचची दारं जवळजवळ नव्वद अंशात उघडतात, ते म्हाताऱ्या माणसाला फार सोपं पडतं, पण खालचा उंबरा जरा रुंद आहे, पाय उचलून घ्यावा लागतो. या बाबतीत साधी वॅगनआर अजून कोणाला ऐकत नाही, दिसायला खोकं असली तरी. सॉनेटला मागच्या सीटवर गुडघ्याला जागा कमी वाटली मला, पुढे उंच माणूस बसला तर बघा.

आणि वहिनींचा क्लच! ऑटोमॅटिक घ्या, निदान एएमटी (गिअरबॉक्स साधाच, पण क्लच-गिअर गाडी स्वतःच बदलते).

सिंहगडरोडवाला:

@चकली_८४ हे अगदी बरोबर, काल आईला शेजाऱ्यांच्या डिझायरमध्ये बसवून बघितलं, बसली पण उतरताना चेहरा बघवेना. डिझायर कट. सोसायटीचं लक्षण काही ठीक दिसत नाही त्यामुळे इलेक्ट्रिक पण आत्ता नाही, मुलगा रुसलाय. आता पंच सीएनजी की पेट्रोल एएमटी यावर आलोय. एएमटी घाटात मागे येते म्हणतात ते कितपत खरं? आणि सीएनजी ऑटोमॅटिक असं काही मिळतं का?

रंकाळा:

मिळतंय. टाटानं २०२४ ला टियागो-टिगोरमध्ये सीएनजीला एएमटी दिली पहिल्यांदा, पंचमध्ये आत्ता कुठल्या व्हेरियंटला हाय ते शोरूममधनं लेखी घ्या, रोज बदलतंय त्यांचं. एएमटीत घाटात डी वर ठेवून बसला तर चुकीच्या वळणावर गिअर बदलती आणि गाडी दम खाती, म्हणून मॅन्युअल मोडवर टाकून दुसऱ्यात ठेवायची, काय होत न्हाई. चढावर थांबायचं असंल तर अ‍ॅक्सिलेटरवर धरून ठेवायची न्हाई, क्लच जळतोय आतल्या आत. ब्रेक मारा. हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर मागं येऊ देत न्हाई ते) असलेलंच मॉडेल घ्या.

हिशोबी_पेन्शनर:

एक राहिलं. टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा पोरगा त्याच्या ठरलेल्या सपाट रस्त्याने फिरवतो. गाडी घरी मागवा. तुमच्या पार्किंगचा रॅम्प चढवा, बेसमेंटमधून बाहेर काढा, आई मागे, वहिनी स्टिअरिंगवर, तुम्ही स्वतः मागे आईशेजारी बसा. डिकी उघडून घरातली तांदळाची पिंप ठेवून बघा, त्याला काय वाटायचं ते वाटू दे. आणि इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन हातात ठेवून बोला. ॲक्सेसरीजच्या पॅकेजमध्ये मॅट आणि मडफ्लॅप सोडून काही घेऊ नका.

सिंहगडरोडवाला:

काका, पिंप नेणारच 😀 रविवारी गाडी घरी येतेय, सीएनजी एएमटी असली तर ती, नाहीतर पेट्रोल एएमटी. दहा हजार किमीला तीस हजारांचा फरक आहे पण बायको म्हणतेय डिकी हवी आणि क्लच नको हे दोन मुद्दे आधी, पंपावरच्या लाईनीत उभं कोण राहणार ते तू ठरव. स्विफ्टला शोरूम एक्स्चेंजमध्ये फारच कमी देतायत, बाहेरचा एजंट दोनच्या आसपास म्हणतोय.

दुसरा_गिअर:

एजंटला देऊ नका, एक्स्चेंजला तर मुळीच नको. एचएसआरपी नंबरप्लेट बसवलीये का, आणि पेपर क्लिअर आहेत ना? असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, भाच्याला रत्नागिरीत हवीच आहे एक जुनी मल्टिजेट. क्लचचं मी बघून घेईन.