छापून गेलेलं नाव

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लेखकाने, टॉल्किनने, आपल्या कथांसाठी भाषा स्वतःच घडवल्या, मग त्यांतली नावं बदलायला त्याला कोण अडवणार, हा मुद्दा वरवर बरोबर वाटतो. अडवतं ते छापून गेलेलं पुस्तक! टॉल्किनने उतारवयात एल्रॉस या आपल्या पात्राच्या नावातल्या ‘रॉस’ची, म्हणजे ‘फेस’ अर्थाच्या शब्दाची, व्युत्पत्ती नव्याने लावली. एल्फांच्या, म्हणजे त्याच्या कथांमधल्या अमर लोकांच्या, भाषेत तांबूस अर्थाचा दुसरा ‘रॉस’ होता ना, म्हणून फेसाचा ‘रॉस’ माणसांच्या एका बोलीला देऊन टाकला. सविस्तर टिपण लिहून झालं आणि मग आठवलं केअर आंद्रॉस, त्याच्याच कथेतलं नदीतलं बेट. ‘लांब फेसाचं जहाज’ हा त्याचा अर्थ १९५५ सालीच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात छापलेला, आणि नाव एल्फांच्याच भाषेतलं. बहुतेक सगळी मांडणी बाद! अप्रकाशित कागदांवरची नावं मात्र तो खुशाल बदलत असे.