मास इफेक्ट २: शेवटच्या मोहिमेआधी थांबले आहे, सल्ला हवा आहे

निळीशाई

नमस्कार. मास इफेक्ट या अंतराळकथेच्या व्हिडिओ गेम मालिकेचा पहिला भाग मी दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण केला आणि त्याच सेव्ह फाइलवरून लगेच दुसरा सुरू केला. माझ्याकडे २०२१ सालची लेजंडरी एडिशन असल्यामुळे मूळ २०१० च्या गेममध्ये मागाहून भर घातलेली कासुमी आणि झाईद ही दोन पात्रेही माझ्या पथकात आहेत. आता मी अशा ठिकाणी येऊन थांबले आहे की पुढे जाण्याआधी हा गेम खेळलेल्यांना विचारावेसे वाटते.

सर्बेरस या गुप्त संघटनेचा प्रमुख इल्युझिव्ह मॅन याने मला एका मृत रीपरच्या, म्हणजे शत्रूच्या प्रचंड सजीव यंत्र-जहाजाच्या, अवशेषांतून आयएफएफ नावाचे ओळखयंत्र आणायला सांगितले आहे. ते बसवले की आमचे जहाज नॉर्मंडी ओमेगा-४ रिले हे अंतराळातले प्रवेशद्वार ओलांडून कलेक्टर्स या परग्रही शत्रूंच्या तळापर्यंत पोहोचू शकेल, म्हणजेच ज्याला सगळे सुसाइड मिशन म्हणतात त्याची वाट मोकळी होईल. थेन, समारा आणि जेकब या साथीदारांची लॉयल्टी मिशने, म्हणजे त्यांची निष्ठा मिळवून देणारी वैयक्तिक कामे, अजून बाकी आहेत. ती आधी पूर्ण करावीत, की आयएफएफ आणून मग सवडीने करावीत? आयएफएफ आणल्यावर एक छुपे घड्याळ सुरू होते असे मी ऐकले आहे, परंतु गेममध्ये कोणीही तसे बोललेले मला आढळले नाही.

दुसरा प्रश्न पथकातल्या जॅकचा आहे. तिचे बालपण सर्बेरसच्या प्रयोगशाळेत कोंडून काढलेले, आणि पथकातलीच मिरांडा त्याच सर्बेरसची अधिकारी. प्रागिया ग्रहावरची त्या प्रयोगशाळेची पडकी इमारत स्फोटाने उडवून परत आल्यावर जहाजावर दोघींचे कडाक्याचे भांडण झाले. दोघींनाही शांत करू शकणारे संवादातले निळे आणि लाल पर्याय माझ्यासाठी बंद होते, म्हणून मी मिरांडाची बाजू घेतली. ती अधिक संयमाने बोलत होती, एवढेच त्यामागचे कारण. तेव्हापासून जॅक माझ्याशी धड बोलत नाही. तिची निष्ठा परत मिळवता येते का?

आणि एक शंका. पहिल्या भागात शस्त्रे, चिलखते, त्यांना लावायचे सुटे भाग असा मोठा पसारा होता, माको गाडी घेऊन अनोळखी ग्रहांवर भटकता येत होते. दुसऱ्या भागात हे जवळजवळ सगळेच काढून टाकले आहे. कथा मला मनापासून आवडते आहे, तरीही हा रोल-प्लेइंग गेम राहिला आहे की संवाद जोडलेला नेमबाजीचा गेम झाला आहे, हे मला ठरवता येत नाही.

सातपुडा

आयएफएफला अजून हात लावू नका. आधी थेन, समारा आणि जेकब यांची कामे पूर्ण करा, बाकी राहिलेली लहानसहान मिशनेही करून घ्या आणि मगच त्या रीपरवर जा. तिथे तुम्हाला आणखी एक साथीदार, एक यंत्रमानव, सापडेल. त्याला बंद ठेवू नका. जहाजावर आल्याबरोबर सुरू करा, त्याच्याशी बोला आणि त्याचे लॉयल्टी मिशन लगेच हाती घ्या, कारण त्यानंतर फार अवधी मिळत नाही.

छुप्या घड्याळाबद्दल तुम्ही ऐकलेत ते खरे आहे. स्पॉयलर कमीत कमी ठेवून सांगतो: आयएफएफ आणल्यानंतर थोडी मिशने झाली की नॉर्मंडीवर एक प्रसंग ओढवतो. तो घडून गेल्यावर थेट ओमेगा-४ रिलेकडे निघालात तर जहाजावरचे सगळे कर्मचारी वाचवता येतात. मध्ये एक ते तीन मिशने केलीत तर निम्मे गमवाल, आणि त्याहून अधिक केलीत तर डॉ. चॅकवास यांच्याखेरीज कोणीही जिवंत भेटणार नाही.

जहाजाची तीन अपग्रेडही विसरू नका. चिलखताचे जेकब सुचवतो, संरक्षक कवचाचे टाली आणि तोफेचे गॅरस. मात्र त्यांच्याशी जाऊन बोलल्याशिवाय ती संशोधनाच्या यादीत येत नाहीत. ग्रह स्कॅन करून खनिजे गोळा करणे कंटाळवाणे आहे हे मान्य, परंतु या तिघांपैकी एकाचेही अपग्रेड राहिले तर तळावर उतरण्यापूर्वीच, रिले ओलांडताच, पथकातला कोणीतरी दगावतो.

जॅकची निष्ठा परत मिळू शकते, पण त्यासाठी तुमचे पॅरागॉन (मवाळ वागण्याचे, निळे) किंवा रेनेगेड (कठोर वागण्याचे, लाल) गुण पुरेसे हवेत. पहिल्या भागात मन वळवण्याच्या आणि धमकावण्याच्या कौशल्यांसाठी वेगळे गुण खर्च करता येत असत. इथे आतापर्यंत जिथे जिथे गेलात तिथे मिळू शकणाऱ्या गुणांपैकी प्रत्यक्षात किती मिळवलेत, या प्रमाणावर ते पर्याय उघडतात. त्यामुळे कधी मवाळ, कधी कठोर असे खेळणाऱ्याची सर्वांत जास्त अडचण होते, आणि तुमचे तेच झाले असावे. तुमच्या पात्राच्या वर्गाचे जे कायमस्वरूपी कौशल्य असते त्यात गुण घातलेत तर हे प्रमाण वाढते. तेवढे करून जॅककडे पुन्हा जाऊन पाहा.

दुर्बीण

मी शेवटच्या शंकेबद्दल लिहिते, कारण हा गेम पहिल्यांदा खेळताना माझीही हीच तक्रार होती.

पहिल्या भागातला पसारा आठवताना त्याचा त्रासही आठवावा. एकूण दीडशे वस्तूंची मर्यादा होती, आणि ती भरत आली की एकसारख्या दिसणाऱ्या बंदुका एकेक करून वितळवून त्यांचे ओम्नी-जेल करत बसावे लागे. माको गेल्याचे दुःख मला आजही आहे, कारण उजाड ग्रहावर उभे राहून आकाशातला प्रचंड सूर्य पाहण्याने विश्व किती मोठे आहे याची जी जाणीव होत असे, ती नकाशावर स्कॅनर फिरवून होत नाही. लिफ्टमध्ये साथीदार एकमेकांशी बोलत, तेही गेले आणि त्या जागी गेम लोड होत असल्याचे चित्र आले. एवढे नुकसान मी मान्य करते.

तरीही मला हा दुसरा भाग अधिक रोल-प्लेइंग वाटतो. पहिल्या भागात मी शेपर्डला, म्हणजे आपण खेळतो त्या नायिकेला, घडवत होते. दुसऱ्यात शेपर्ड जवळपास घडलेलीच आहे आणि तिच्या निर्णयांनी आजूबाजूची माणसे घडतात किंवा मोडतात. साथीदार टालीवर तिच्याच लोकांनी भरलेला खटला आठवा. वडिलांचा मृतदेह सापडल्यावर ती कोसळते, पडद्यावर क्षणभरासाठी ते निळे चिन्ह उमटते आणि कळ दाबली तर शेपर्ड तिला जवळ घेते. त्यानंतर वडिलांच्या अपराधाचा पुरावा दडवून ठेवण्याची विनंती ती करते. पुरावा दाखवलात तर ती निर्दोष सुटते आणि तुमच्यापासून कायमची दुरावते. गप्प राहिलात तर तिला हद्दपारी भोगावी लागते, मात्र तिचा तुमच्यावरचा विश्वास टिकतो. जमावाला आपल्या बाजूने वळवण्याची तिसरी वाटही आहे, पण ती सगळ्यांना उघडत नाही. या प्रसंगात कुठल्याही बंदुकीचा आकडा कामाला येत नाही. टालीला काय हवे आहे हे तुम्ही किती नीट ऐकले आहे, तेवढेच कामाला येते.

पथकातला शास्त्रज्ञ मॉर्डिन याच्याशी प्रयोगशाळेत जाऊन तुम्ही बोलत असाल अशी आशा आहे. क्रोगन या परग्रही वंशाच्या हजार गर्भांपैकी जेमतेम एक जगावा अशी जेनोफेज या मुद्दाम पसरवलेल्या रोगाची व्यवस्था. क्रोगनांचे शरीर तिच्यावर मात करू लागले आहे असे दिसताच सुधारित जेनोफेज तयार करणाऱ्यांत हा विनोदी, भरभर बोलणारा म्हातारा होता. तो आपल्या कामाचे समर्थन आकडेवारीने करतो, आणि क्रोगनांच्या तुचांका ग्रहावर एका क्रोगन स्त्रीच्या मृतदेहापाशी उभा राहून प्रार्थनाही करतो. मी त्याच्याशी कधी सहमत झाले, कधी झाले नाही, परंतु प्रत्येक मिशननंतर त्याच्याकडे गेले. त्याचा जुना शिष्य मेलॉन याचे जेनोफेजवर उपाय शोधणारे संशोधन ठेवावे की नष्ट करावे हे तुम्ही ठरवले असेलच. त्या निर्णयाचा परिणाम तिसऱ्या भागात तुमच्यासमोर येतो, एवढेच सांगते.

उंबरठा

दुर्बीण यांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे. या गेमला २०११ साली सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला तो याच पात्रांमुळे असे मला वाटते. मात्र सातपुडा यांनी सांगितलेल्या त्या छुप्या घड्याळाबद्दल माझी तक्रार कायम आहे.

परिणाम भोगायला लावणाऱ्या कथेने खेळाडूला निदान अंदाज येईल इतकी चाहूल द्यावी. अर्धा गेम इल्युझिव्ह मॅन तुम्हाला सांगत राहतो की माणसे जमवा, त्यांची मने मोकळी करा, घाईने जाऊ नका. आणि शेवटी अचानक उशिराची शिक्षा होते. कलेक्टर्सनी कर्मचाऱ्यांना पळवून नेल्यावर तरी ताबडतोब निघावे हे शहाण्या माणसाला कळायला हवे, असा युक्तिवाद होतो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ज्याच्याकडे तेव्हा लीजनचे, म्हणजे रीपरवर सापडलेल्या त्या साथीदाराचे, मिशन बाकी आहे, त्याला एका साथीदाराची निष्ठा आणि वीस-पंचवीस माणसांचे प्राण यांतून निवड करावी लागते, आणि आपण अशी काही निवड करत आहोत हेच त्याला माहीत नसते. ज्या निवडीची कल्पना नाही तिला मी भूमिका निभावणे म्हणणार नाही.

तळावर कोणाला कुठे पाठवावे, ही चाचणी मात्र पूर्णपणे न्याय्य आहे, म्हणून धागाकर्तीला विनंती आहे की तिच्यासाठी मार्गदर्शिका वाचू नका. नळीतून कोण जाईल, दुसऱ्या तुकडीचे नेतृत्व कोण करेल, बायोटिक (मनःशक्तीचे) कवच कोण पेलेल, या सगळ्याची उत्तरे पात्रांनी तुम्हाला आधी सांगितलेली आहेत. गॅरसने ओमेगा या अंतराळ स्थानकावर स्वतःचे पथक चालवले होते. जेकब स्वतःहून पुढे होतो, पण हात वर करणारा प्रत्येकजण त्या कामाचा असतोच असे नाही.

माझ्या पहिल्या खेळात मॉर्डिन शेवटच्या फळीत मारला गेला. सुटका झालेल्या कर्मचाऱ्यांना जहाजावर पोहोचवायला मी थेनला पाठवले होते आणि मॉर्डिनला मागे दार अडवून धरायला ठेवले होते. मी जुनी सेव्ह फाइल उघडली नाही. तिसऱ्या भागात त्याचे काम पाडॉक विक्स नावाचा, मॉर्डिनच्याच सॅलेरियन वंशातला दुसरा जण करतो. तो चांगला लिहिलेला आहे, पण तुचांकावरचा तो सगळा भाग मी रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसल्यासारखा खेळलो.

निळीशाई

सर्वांचे आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उरलेली तिन्ही लॉयल्टी मिशने केली, तिन्ही अपग्रेड घेतली, लीजनला सोबत घेतले आणि कर्मचाऱ्यांना नेल्यावर क्षणभरही न थांबता निघाले. मार्गदर्शिका वाचली नाही.

नळीतून लीजनला पाठवले. पहिल्या वेळी नेतृत्व गॅरसकडे दिले, दुसऱ्या वेळी मिरांडाकडे. बायोटिक कवचासाठी समारा. कर्मचाऱ्यांबरोबर मॉर्डिनला परत पाठवले, आणि त्यामागे उंबरठा यांचा प्रतिसाद होता हे उघड आहे. शेवटच्या लढाईला गॅरस आणि ग्रंट यांना सोबत नेले, कारण सर्वांत कठीण जागी सर्वांत बळकट माणसे हवीत असे मला वाटले.

सगळे कर्मचारी वाचले. जॅक वाचली नाही. तिच्याकडे मी पुन्हा दोनदा गेले होते, पण तो पर्याय शेवटपर्यंत बंदच राहिला.

सातपुडा

वाईट वाटले. हे का झाले ते सांगतो. ज्यांनी गेम पूर्ण केलेला नाही त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून जावे.

मागे दार अडवणाऱ्यांची सरासरी गेम काढत असतो. ग्रंट, गॅरस आणि झाईद यांची ताकद निष्ठेसह चार धरली जाते. मिरांडा, जेकब, थेन, समारा आणि लीजन यांची दोन. टाली, कासुमी, मॉर्डिन आणि जॅक यांची एक. निष्ठा नसेल तर प्रत्येकाचा एक गुण कमी होतो. मागे पाच किंवा अधिक जण असतील तर सरासरी दोनच्या खाली जाताच कोणाचा तरी बळी जातो, आणि ज्याची निष्ठा नाही त्याची पाळी आधी येते.

तुमच्याकडे मागे नऊ जण राहिले आणि त्यांची बेरीज सोळा झाली. जॅककडून शून्य आले. ग्रंटला मागे ठेवून टालीला सोबत नेले असते तर बेरीज एकोणीस झाली असती आणि जॅक निष्ठा नसतानाही वाचली असती. सर्वांत बळकट माणसे स्वतःबरोबर नेणे ही जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक असते, माझीही होती. शेवटच्या लढाईआधीची सेव्ह फाइल असेल तर अर्ध्या तासात हे बदलता येईल.

निळीशाई

फाइल आहे, पण तिथून पुन्हा खेळणार नाही. एकोणीसचा हिशेब वाचल्यावर मोह झाला होता. मात्र त्या भांडणात जॅकचे म्हणणे एवढेच होते की तिच्यावर जे झाले ते चुकीचे होते, हे कोणीतरी कबूल करावे. आणि मी ते ऐकण्याऐवजी कोण शांतपणे बोलते आहे ते पाहिले. ग्रंटला कुठे उभे करायचे होते, ही माझी चूक नंतरची आहे.

गेम संपल्यावरही जहाजावर फिरता येते, म्हणून काल रात्री इंजिन विभागात गेले. केन आणि गॅबी हे तिथले दोन अभियंते आपापल्या जागी परत आले आहेत आणि पूर्वीसारखेच वाद घालत आहेत. तिथून जिना उतरून खाली गेले, जिथे जॅक राहत असे. आता लेअर ऑफ द शॅडो ब्रोकर हा गेमचा जोडभाग सुरू करते आहे, आणि या वेळी संवादाचा कोणताही भाग पुढे ढकलणार नाही.