शब्दचर्चा: क्रॉसओव्हर म्हणजे वाटणी, गाळणी की सांधा?

सिडकोकर
घरच्या स्टिरिओला सबवूफर (फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर) जोडलाय. प्रीॲम्प (आवाज कमी-जास्त करणारा डबा) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा डबा) यांच्या मधल्या आरसीए वायरीतच बसवायची करंगळीएवढी नळी असते, तिला इनलाइन क्रॉसओव्हर म्हणतात. वीज लागत नाही. आत एखादा कपॅसिटर, फार तर एखादी कॉइल. खालचे सूर मुख्य स्पीकरकडे जाण्याआधीच अडवायचे, ते सबवूफरने सांभाळायचे, एवढंच तिचं काम. आईला सांगताना मी 'गाळणी' म्हणालो. ती म्हणाली, "मग चोथा कुठे जातो?" इथे मी अडकलो. कारण चोथा टाकायचा नाहीच आहे, तोच तर सबवूफर वाजवणार! मराठीत नेमकं काय म्हणावं?

पंचवटी साऊंड
दादा, आमच्या धंद्यात एकच शब्द, कट. "80 ला कट मार" (80 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 80 कंपनं) म्हटलं की पोराला कळतं, टॉपच्या स्पीकरला वरचं, बेसच्या स्पीकरला खालचं. पण एक घोळ सांगतो. 'हाय पास' म्हणजे वरचे पास, खालचे नापास. 'हाय कट' म्हणजे बरोबर उलटं. नवा पोरगा दोन्ही एकच समजतो आणि टॉपला बेसचा माल जातो. एकदा मिरवणुकीच्या आदल्या रात्री असेच टॉपच्या स्पीकरमधले दोन ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले भाग) उडाले. तेव्हापासून मी 'खालचं तोड' किंवा 'वरचं तोड' असंच सांगतो.

गंगापूर रोड
'बेस'ला आपल्याकडे खर्ज आहे की! खर्जातला आवाज सगळ्यांना कळतो. आणि ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक. त्यांनी आठ मोजले, आपण सात, पण कंपनसंख्या दुप्पट झाली की पुढचं सप्तक, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणजे गाळणी किती जोरात अडवते ते सांगणाऱ्या '12 डीबी पर ऑक्टेव्ह'चं सरळ मराठी 'सप्तकाला 12 डेसिबल उतार'. 80 च्या गाळणीतून 40 हर्ट्झचा सूर साधारण 12 डेसिबलने दबून निघणार, 20 चा 24 ने. माझ्या विद्यार्थिनींना हे गणित तंबोऱ्यावरून चटकन समजतं.

देवळालीकर
मी रेल्वेत होतो, म्हणून आमचा शब्द सुचवतो: सांधा. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती सांध्यावरून, आणि दोन समांतर रूळ जोडणाऱ्या सांध्यांच्या जोडीला इंग्रजीत क्रॉसओव्हरच म्हणतात. तुमच्याकडेही सूर एका स्पीकरवरून दुसऱ्यावर जातोय. 'विभाजक' म्हटलं तर नुसती वाटणी दिसते, जोड दिसत नाही.

पंचवटी साऊंड
काका, सांध्यावर खडखडाट होतो पण!

देवळालीकर
झाला तर सांधा वाईट, शब्द नाही.

सिडकोकर
काकांचं पटलं, आणि का पटलं ते नाशिक ढोलावरून सांगतो. एकच टोला पडतो, पण त्यात पानाचा घुमारा वेगळा आणि टिपरूची चटक वेगळी. घुमारा बराचसा सबवूफरकडे जातो, चटक मुख्य स्पीकरकडे. दोघे एकमेकांच्या हद्दीत फार शिरले की घुमारा फुगतो, ढोल पिंपासारखा वाजतो. मध्ये फट राहिली तर चटक कोरडी आणि घुमारा कुठूनतरी लांबून. जोड बेमालूम असेल तरच टोला एक.

माझा सांधा पहिल्यांदा चुकला होता. विकतची नळी न आणता 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वायरीत टाकला. उतार सप्तकाला 6 डेसिबलच, पण सुरुवातीला चालेल म्हटलं. हिशोबात ॲम्पच्या इनपुटचा रोध 20 किलोओहम धरला होता, म्हणजे कट 80 हर्ट्झला. ॲम्पची पुस्तिका नंतर उघडली: इनपुटला 47 किलोओहम! कट थेट 34 वर घसरला होता, म्हणजे अडवायचं ते बहुतेक सगळं आरामात पुढे जात होतं. विकतच्या नळीवर छापलेला आकडासुद्धा ठरावीक ओहम धरूनच असतो. ॲम्प बदलला की आकडा सरकतो. शेवटी ॲम्पच्या इनपुटला समांतर 33 किलोओहमचा रेझिस्टर लावला, गाडी 82 च्या आसपास आली.

गंगापूर रोड
पण 80 च का? शब्दचर्चेत आकडे घुसलेच आहेत तर विचारते.

सिडकोकर
ताई, साधारण तिथून खाली आवाज कोणत्या बाजूने येतोय ते कानाला नीट सांगता येत नाही. म्हणून सबवूफर सोफ्यामागे कोपऱ्यात ठेवला तरी ढोल समोरच वाजतो. कट 150 ला नेला की निवेदकाच्या आवाजाचा अर्धा भाग सोफ्यामागून येतो. घरच्यांनी तेवढ्यावरून मला दोन दिवस छळलं.

पंचवटी साऊंड
सबवूफरची फेज, म्हणजे कंपनाची दिशा, उलटी करून पाहिली का? सबवूफरच्या मागे 0 आणि 180 चं बटण असतं. कटच्या जागी दोघे एकमेकांना मारत असतील तर उलटं केल्यावर खर्ज एकदम भरतो. (बघा, 'खर्ज' म्हणालो!)

सिडकोकर
केली ना. फक्त "फेज उलटी करतोय" असं मोठ्याने म्हणालो आणि बाबांनी मेन स्विच बंद केला.

देवळालीकर
फेजला मराठी शब्द शोधायला नवा धागा काढा. तोवर सांध्यावर माझं एक मत धरा.

गंगापूर रोड
माझंही सांध्यालाच. आणि वायरीतली ती नळी गाळणीच राहू द्या. आईंना सांगा, चोथ्याला वेगळी वाटी आहे.