सोलर गिझर घ्यायचाय (जुळे सोलापूर), आणि काकांच्या डाय हाऊसचं पण विचारायचंय

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. घरी सहा माणसं, दोन बाथरूम. आजवर बंब होता पण आईला आता धूर सोसत नाही, गिझर लावला तर लाईट बिल आलं की अण्णांचं भाषण चालू. म्हणून सोलर घ्यायचं ठरलंय, पण एक दुकानदार म्हणतो ट्यूबवालाच घ्या, दुसरा म्हणतो ट्यूब म्हणजे नुसती काच, पॅनेलवाला घ्या. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर बसतो. २०० लिटर पुरेल का? आणि काकांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवायचं छोटं डाय हाऊस आहे, ते म्हणतात बॉयलरच काढून टाकू आणि सोलर बसवू. जमतं का असं? ते ७८ हजाराचं अनुदान यालाच मिळतं ना?

बाळीवेस_बे
अनुदानाचं आधी ऐक. ७८ हजार हे पीएम सूर्यघरचं, ते वीज बनवणाऱ्या पॅनेलला, तेही ३ किलोवॅट किंवा जास्त बसवलं तर. पाणी तापवायच्या सोलरला त्यातलं काही मिळत नाही, त्याची केंद्राची सबसिडी २०१४ लाच बंद झाली. कुणी "मिळवून देतो" म्हणला तर चहा पी आणि घरी ये.

शेंगाचटणी
आमच्याकडं ट्यूबचं २०० लिटर आहे, पाच माणसं, सहा वर्षं झाली. ट्यूब की पॅनेल हे दुकानदाराला विचारू नको, तुझ्या पाण्याला विचार. पॅनेलमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, जड पाण्याचा क्षार आत बसला की नळी आतून बारीक होत जाते, पाणी कोमट यायला लागतं आणि तुला वाटतं ऊन कमी पडलं. सोलापुरात ऊन कमी पडलं म्हणे! ट्यूबमध्ये पण क्षार बसतोच, पण ट्यूब काढून धुता येते. मी चौथ्या वर्षी काढल्या तर एकेका ट्यूबच्या बुडाशी ओंजळभर चुना. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड तर झिजून आतली तार उरली होती, तो वेळेवर बदलला नाही की मग टाकीच गंजते, हे मला विकताना कुणी सांगितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. पहिल्याच उन्हाळ्यात बोअरची मोटर जळाली, नळाला पाणी नव्हतं, वरची टाकी दोन दिवस कोरडी. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला नळ आला, मी खूष होऊन मोटर लावली, आणि गच्चीवर टच्च टच्च आवाज. तापलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये गार पाणी गेलं, सात ट्यूब गेल्या. बायको म्हणली दिवाळी लवकर आली वाटतं. तेव्हापासून नियम एकच, टाकी कोरडी पडली की ट्यूबवर जुनी चादर टाकायची आणि पाणी भल्या पहाटे नाहीतर सूर्य बुडाल्यावर सोडायचं. मे महिन्यात तसंही अर्ध्या ट्यूब झाकतो, नाहीतर एअर व्हेंटमधून वाफ निघते.

पाइपवाला
दुकानदार टीडीएस मीटर बुडवून दाखवतात, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मिळून मोजतो, त्याला भुलू नका. थर बसतो तो कॅल्शियम मॅग्नेशियमचा, म्हणून हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, तपासून घ्या. गार पाण्याच्या टाकीचं बूड सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर पाहिजे, निम्मी कामं इथंच फसतात. सोलरचं तोंड दक्षिणेला. गरम लाईनला साधा पांढरा पाइप अजिबात नको, वाकतो. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप, घ्या आणि वरून इन्सुलेशन. पाऊण इंची पाइप पन्नास फूट असला तर त्यात चारेक लिटर गार पाणी उभं असतं, ते आधी सोडावं लागतं, तेवढं बादलीत धरा.

बाकी २०० लिटर पाणी ३५ डिग्रीनं तापवायला गिझरला साधारण ८ युनिट लागतात. अण्णांना एवढंच सांगा.

रंगारी_मामा
काकांचं बघू. बॉयलर काढू नका म्हणावं. सोपिंग (रंगवलेलं सूत साबणाच्या पाण्यात धुणं), ब्लीचिंग उकळीच्या आसपास चालतं, गच्चीवरचं साधं सोलर ६० ते ७० पर्यंत नेतं, आणि पावसाळ्यात ढग आले की ऑर्डर थांबणार आहे का? आरशांच्या मोठ्या डिश लावून वाफ करता येते, लातूरच्या महानंद डेअरीत एक बसवली होती, शिर्डीला २००९ ला प्रसादालयावर ७३ डिश बसल्या. पण शिर्डीत पण बॉयलर होताच, सोलर त्याला जोडलं. काकांच्या एवढ्या युनिटला ती हौस नको.

पाणी आधी सोलरनं तापवा, पुढची वाढ वाफेनं. ५,००० लिटर ३० वरून ६० ला न्यायचं म्हणजे दीड लाख किलोकॅलरी, लाकडाचे किलोला ३,५०० आणि बॉयलर ६० टक्के धरला तर सत्तर किलो जळण वाचतं, रोजचं. पण त्याला शंभरेक चौरस मीटर कलेक्टर (पाणी तापवणारे पॅनेल) लागतील, आणि नुसत्या पाण्याचंच वजन पाच टन, शेडच्या पत्र्यावर ठेवायचं नाव काढू नका.

आणि एक चूक आम्ही केलेली. गरम पाणी फुकटात मिळतंय म्हणून थेट रंगाच्या हौदात सोडलं. रंग सुरुवातीलाच धावून बसला, अख्खा लॉट पट्टे पट्टे. ते पाणी गरम धुलाईला आणि सोपिंगचा हौद भरायला वापरा, रंग गारच सुरू करा. आमच्याकडं सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) रंगाची छटा नीट यावी म्हणून आधीपासून होताच, तेच पाणी सोलरला दिलं, म्हणून पॅनेल अजून स्वच्छ. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टाकीत सोडलं तरी चालतं, फीड पाणी ६ डिग्रीनं वाढलं की १ टक्का जळण वाचतं. पण त्याच्या आधी उघडे स्टीम पाइप गुंडाळा आणि गळणारे ट्रॅप (वाफ अडवून तिचं झालेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदला. तो खर्च कमी आणि फायदा लगेच, पण पत्र्यावर काही चमकत नाही म्हणून कुणी करत नाही.

जुळेसोलापूरकर
मामा, हे काकांना फोनवर वाचून दाखवलं, पट्टे म्हटल्यावर एकदम गप्प झाले. हार्डनेस तपासायला बाटली आजच दिली. घरचं ट्यूबचं २००च घेतो, गार टाकीला खाली दीड फूट विटा लावून घेतो. तुमचं युनिट काकांना दाखवता येईल का?

रंगारी_मामा
या की. दुपारी तीननंतर या, तेव्हा सोलरची टाकी हाताला चटका देते. येताना काकांच्या जळणाच्या पावत्या आणा, अंदाज तिथंच काढू.

बाळीवेस_बे
मी पण येऊलालोय, शेंगाचटणीला घेऊन. चादर तोच आणेल.